आंबटपणाचा हिशेबनीस

शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत काही माणसं जेमतेम एका ओळीपुरती येतात. न्यूटनला सफरचंदासकट अर्धं पान तरी मिळतं, आर्किमिडीजला न्हाणीघर मिळतं. पण स्वान्ते अऱ्हेनिअस हे नाव आलं की पुढे नुसती एक व्याख्या असते. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजनचे आयन देतं ते आम्ल. परीक्षेत दोन गुणांना येणारी. ती पाठ करून मी बी.एस्सी. झालो आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांप्रमाणे रसायनशास्त्राला रामराम ठोकून बँकेत चिकटलो. निवृत्तीनंतर या माणसाचं चरित्र सवडीनं वाचलं, तेव्हा कळलं की त्या दोन गुणांच्या व्याख्येपायी एका पंचविशीतल्या तरुणाचं सगळं भवितव्य टांगणीला लागलं होतं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर आंबट चवीवर कितीतरी घरांची चूल पेटते. तेव्हा इथल्या माणसानं अऱ्हेनिअसची ओळख करून द्यावी, यात फार वावगं काही नाही.

उन्हाळ्यात सातपुड्यात जाऊन पाहा. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी करून उन्हात वाळत घातलेल्या दिसतात. हेच आमचूर. बाजारात आणलं की व्यापारी आधी रंग बघतो, मग एखादी फोड मोडून जिभेवर ठेवतो आणि भाव सांगतो. विकणारी बाई मुकाट्यानं गोणी पुढे करते. तिच्या वर्षाच्या मीठमिरचीचा, मुलांच्या कपड्यालत्त्याचा निकाल एका जिभेवर ठरतो. आता प्रश्न असा, की आंबटपणा मोजायचा तर नेमकं काय मोजायचं? वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न खरं तर दोन प्रश्नांचा गुंता आहे, आणि तो गुंता ज्यांनी सोडवला त्यांत पहिलं नाव अऱ्हेनिअसचं.

त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ चा, स्वीडनमधल्या उप्सालाजवळच्या वीक या गावचा. वडील जमिनीची मोजणी करणारे, पुढे जहागिरीचा कारभार पाहणारे. पोरगं तिसऱ्या वर्षीच आपलं आपण वाचायला शिकलं. वडील हिशेबाच्या वह्यांत बेरजा करत बसत, ते शेजारी बसून बघता बघता त्याला अंकगणित येऊ लागलं. आयुष्य खतावण्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील विशेष भावतो. आकडे बघून त्यामागची देणीघेणी ओळखायची ही खोड त्याला अशी घरातच लागली, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

उप्सालाच्या विद्यापीठात तो १८७६ साली दाखल झाला. विद्यापीठ जुनं, नावाजलेलं. पण तिथल्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणानं त्याचं समाधान होईना. १८८१ साली त्यानं सरळ स्टॉकहोम गाठलं आणि एरिक एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम सुरू केलं. विषय निवडला तो खाऱ्या-आंबट पाण्यातून वीज कशी वाहते हा.

कोडं असं होतं. कोरडं मीठ वीज वाहू देत नाही. शुद्ध पाणीही जवळजवळ देत नाही. दोन्ही एकत्र केली की वीज खुशाल वाहते. मायकेल फॅरडेनं १८३४ मध्येच वीज वाहून नेणाऱ्या कणांना आयन हे नाव दिलं होतं. पण विजेचा प्रवाह सोडल्यावरच पदार्थ फुटून आयन होतात, असा साधारण समज होता. अऱ्हेनिअसनं १८८२-८३ च्या हिवाळ्यात पाणी घालून घालून पातळ केलेल्या द्रावणांची मोजमापं घेतली. द्रावण जितकं पातळ, तितका त्यातला प्रत्येक कण विजेच्या कामाला जास्त येतो, असं दिसलं. याचा अर्थ विरघळलेल्या पदार्थाचा काही भाग कामाचा असतो आणि काही भाग नुसता बसून असतो. पाणी वाढलं की बसलेल्यांपैकी आणखी काही उठून कामाला लागतात. ही कल्पना आपल्याला १७ मे १८८३ च्या रात्री सुचली आणि सगळं मनात सोडवून होईपर्यंत झोप आली नाही, असं त्यानं पुढे सांगितलं आहे.

ती घेऊन तो आपल्या जुन्या गुरूंकडे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर टेओडोर क्लेव्ह यांच्याकडे गेला. क्लेव्ह मोठे माणूस, मूलद्रव्यं शोधलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोड शब्दांत निरोप दिला. १८८४ च्या मे महिन्यात प्रबंधाची तपासणी झाली. फ्रेंचमध्ये लिहिलेला दीडशे पानांचा प्रबंध, त्यात ५६ विधानं. परीक्षकांनी त्याला चौथी श्रेणी दिली. तोंडी बाजू त्यानं बरी मांडली म्हणून थोडी मेहेरबानी झाली. पण विद्यापीठात शिकवण्याची परवानगी मिळण्याइतकी नाही. म्हणजे पदवी हातात आणि पुढची दारं बंद. आपल्याकडे एका टक्क्यानं प्रवेश हुकलेल्या मुलाच्या घरात जो सुतकी शुकशुकाट असतो, तो ज्यांनी अनुभवला असेल त्यांना निराळं काही सांगायला नको.

पण पोरगा हिकमती होता. त्यानं प्रबंधाच्या प्रती युरोपातल्या नामवंतांना टपालानं पाठवून दिल्या. त्यांतली एक रीगा शहरातल्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड या तिशीतल्या प्राध्यापकाच्या हाती पडली. त्याच दिवशी ऑस्टवाल्डची दाढ ठणकत होती आणि त्याच दिवशी त्याला मुलगी झाली. या तिन्हींमध्ये झोप उडवली ती त्या प्रबंधानं, असं तो गमतीनं सांगत असे. वेगवेगळी आम्लं इतर पदार्थांवर किती जोमानं काम करतात हे ऑस्टवाल्ड वर्षानुवर्षं मोजत होता. त्याचे ते आकडे आणि अऱ्हेनिअसचे विजेचे आकडे एकाच क्रमानं लागत होते. म्हणजे आम्लाचा जोर आणि वीज वाहण्याची ताकद यांचं मूळ एकच. ऑस्टवाल्ड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतः उप्सालाला येऊन थडकला. परमुलखातला प्राध्यापक आपल्या चौथ्या श्रेणीच्या विद्यार्थ्याला भेटायला येतो, वर नोकरी देऊ करतो, हे पाहून उप्सालावाल्यांचा सूर बदलला. अऱ्हेनिअसला तिथेच शिकवण्याची परवानगी मिळाली. वडील आजारी असल्यामुळे तो लगेच रीगाला गेला नाही. ते १८८५ मध्ये वारले. नंतर शिष्यवृत्ती घेऊन त्यानं काही वर्षं रीगा, वुर्झबुर्ग, ग्राट्स, अ‍ॅमस्टरडॅम, लायप्झिग अशी वारी केली आणि १८८७ साली आपलं म्हणणं स्पष्ट शब्दांत मांडलं: वीज असो वा नसो, पाण्यात पडताच हे पदार्थ आयनांत सुटतात, कोणी जवळजवळ पूर्ण, कोणी थोडेसेच.

हे थोडेसेच प्रकरण जरा समजून घेऊ. माझ्या नोकरीच्या भाषेत सांगतो.

समजा, दोन गृहस्थ आहेत. दोघांची मालमत्ता सारखीच, एक लाख रुपये. पहिल्याचे सगळे रोख, खिशात. दुसऱ्याचे जवळजवळ सगळे मुदत ठेवीत, हातात फक्त हजार-दीड हजार. रस्त्यात दोघांना गाठलंत तर पहिला श्रीमंत आणि दुसरा जेमतेम वाटेल. पण वसुलीचा अधिकारी घरी गेला, तर दोघांकडून बरोबर एक-एक लाखच वसूल होतील. कारण दुसऱ्याची रोकड काढून घेतली की तो ठेव मोडतो. पुन्हा घेतली की पुन्हा मोडतो. पहिला गृहस्थ म्हणजे तीव्र आम्ल, मिठाच्या आम्लासारखं. दुसरा म्हणजे सौम्य आम्ल, व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लासारखं.

आकड्यांत पाहा. दोन्ही आम्लांची ०.१ मोलर तीव्रतेची द्रावणं घेतली, तर मिठाच्या आम्लाचा पीएच, म्हणजे शालेय पुस्तकातला सामू, १ येतो. व्हिनेगरच्या आम्लाचा २.९ च्या आसपास. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. तेव्हा सुट्या हायड्रोजन आयनांत सुमारे पाऊणशे पटींचा फरक पडला. व्हिनेगरच्या हजार रेणूंतले तेराएकच सुटलेले असतात. पण कॉस्टिक सोडा घालून उदासीन करायला गेलं तर दोघांना सोडा तेवढाच लागतो! जिभेच्या आणि ब्युरेटच्या हिशेबांत हा असा फरक. पीएच हातातली रोकड सांगतो, अनुमापन एकूण मालमत्ता सांगतं.

मग सौम्य आम्लाचा स्वभाव कोणत्या आकड्यात पकडायचा? रोकड पकडावी तर पाणी घातलं की प्रमाण बदलतं. तेच व्हिनेगर दहापट पातळ केलं तर हजारातले चाळीसच्या वर रेणू सुटतात. १८८८ साली ऑस्टवाल्डनं अऱ्हेनिअसच्या कल्पनेवरून ही गोम सोडवली. सुटलेले हायड्रोजन आयन आणि आम्लाचा मागे उरलेला भाग यांचा गुणाकार करायचा आणि न सुटलेल्या आम्लानं भागायचं. येणारा आकडा, तापमान तेच असेल तर, पातळ द्रावणातही तोच आणि घट्ट द्रावणातही जवळपास तोच. हाच विचरण स्थिरांक. व्हिनेगरच्या आम्लासाठी तो लाखात पावणेदोन भाग. रोकड बदलो, ठेव बदलो, माणसाचा स्वभाव तोच, तसं हे आहे. ऑस्टवाल्डनं विजेच्या मोजणीवरून दोनशेहून अधिक सेंद्रिय आम्लांचे असे स्थिरांक काढून ठेवले.

आजच्या कॉलेजातली मुलं हेच काम ब्युरेट आणि पीएच मीटरनं करतात, आणि ती पद्धत मला फार सुंदर वाटते. २५ मिलिलिटर आम्ल घ्यायचं. ब्युरेटमधून तितक्याच तीव्रतेचा सोडा थेंबथेंब सोडायचा आणि प्रत्येक टप्प्याला पीएच टिपून ठेवायचा. २५ मिलिलिटर सोडा पडला की फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग उमटतो. वसुली पुरी झाली. पण खरं गुपित शेवटी नसतं, मध्यावर असतं. साडेबारा मिलिलिटरला निम्मं आम्ल वसूल झालेलं असतं आणि निम्मं तसंच असतं. स्थिरांकाच्या सूत्रात वरचा आणि खालचा हे दोन्ही भाग सारखे झाले की एकमेकांना छेद देतात आणि एकटा हायड्रोजन आयन उरतो. म्हणून त्या क्षणाचा पीएच म्हणजेच स्थिरांकाचं पीएचच्या मापातलं रूप. व्हिनेगरसाठी तो ४.७६ येतो.

एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे कोर्टात खरं आणि प्रयोगशाळेतही. ५ मिलिलिटर सोड्याला एक भाग वसूल आणि चार भाग बाकी असतात, पीएच ४.१६ असतो. २० मिलिलिटरला उलटं, चार वसूल आणि एक बाकी, पीएच ५.३६. मधल्या ४.७६ पासून दोन्ही अगदी सारख्या अंतरावर, ०.६० वर, कारण चार या आकड्याचा लॉगॅरिथम तेवढाच आहे. वहीतल्या मधल्या प्रत्येक नोंदीवरून असा स्थिरांक काढता येतो आणि सगळ्या नोंदी एकच साक्ष देतात. मात्र अगदी पहिल्या आणि अगदी शेवटच्या थेंबांच्या नोंदींवर विसंबू नये. सुरुवातीला आम्लाचे आपणहून सुटलेले आयन हिशेबात लुडबुड करतात, तर शेवटाला एकेका थेंबानं पीएच उडी मारतो.

ही पद्धत एका रात्रीत आली नाही. हायड्रोजनचं विद्युतद्वार वापरून विल्हेल्म बॉटगर यानं १८९७ साली लायप्झिगमध्ये अशी अनुमापनं केली. पीएचची मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सॉरेनसेननं १९०९ साली दिली. आणि हाताळायला सोपं पीएच मीटर आलं ते अमेरिकेत, १९३४ साली. अर्नोल्ड बेकमन यानं ते बनवलं ते लिंबाच्या रसाची आम्लता मोजता यावी म्हणून. फळ उत्पादकांच्या अडचणीतून एवढं मोठं उपकरण जन्मलं, हे आमच्या आमचूरवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कैरीत मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक ही आम्लं. दोन्ही सौम्यच. सायट्रिक आम्ल तर एकाच घरात तीन मुदत ठेवी बाळगणारं. त्याचे स्थिरांक पीएचच्या मापात ३.१३, ४.७६ आणि ६.४० असे तीन. ते इतके जवळजवळ आहेत की आलेखात तीन वेगळ्या पायऱ्या दिसत नाहीत, एकच चढण दिसते. तरी एकूण आम्ल किती, हे साध्या ब्युरेटवर दहा मिनिटांत सांगता येतं. रंगावर आणि जिभेवर ठरणाऱ्या भावाशेजारी हा एक आकडा मांडला गेला, तर गोणी पुढे करणाऱ्या बाईला बोलायला तोंड मिळेल.

आणि हे फक्त आमचुरापुरतं नाही. आपल्या रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास टिकतो, तो कार्बोनिक आम्ल या सौम्य आम्लाच्या जिवावर. त्याचा आकडा ६.१, आणि बायकार्बोनेट त्याच्या वीसपट असलं की बेरीज बरोबर ७.४ ला येते. हा हिशेब १९०८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स हेंडरसननं मांडला आणि १९१६ च्या सुमारास डेन्मार्कच्या हासेलबाल्खनं पीएचच्या भाषेत आणला. आमच्या सातपुड्यातल्या आदिवासी घरांत सिकलसेलचं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. ऑक्सिजन कमी पडला की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्त आम्लतेकडे झुकलं तर ते वाकणं आणखी वाढतं. अशा पोराला अत्यवस्थ अवस्थेत दवाखान्यात आणलं आणि रक्तातल्या वायूंचा तपास झाला, तर त्या कागदावर हेच समीकरण बसलेलं असतं. चौथ्या श्रेणीच्या प्रबंधाचं हे नातवंड.

असो. अऱ्हेनिअसकडे वळू. १८९१ पासून तो स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात शिकवू लागला. १८९५ मध्ये प्राध्यापक झाला, तोही विरोध झेलूनच. संसारात मात्र त्याचा जम बसला नाही. सोफिया रूडबेक या आपल्या हुशार विद्यार्थिनीशी १८९४ मध्ये त्यानं लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि लवकरच दोघं विभक्त झाली. त्या एकाकी काळात त्यानं एक भलताच हिशेब काढला होता: हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल? कागद-पेन्सिलीनं हजारो गणितं करून १८९६ साली त्यानं उत्तर छापलं. वायू दुप्पट झाला तर पाच-सहा अंश सेल्सिअस. आजचे अंदाज याहून काहीसे कमी आहेत, पण दिशा तीच. त्याला स्वतःला ही ऊब थंड स्वीडनसाठी वरदानच वाटत होती आणि ती यायला हजारो वर्षं लागतील असाही त्याचा होरा होता. तापीकाठच्या आमच्या मे महिन्यात तो राहिला असता, तर हे मत बदललं असतं.

१९०३ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला स्वीडिश माणूस. आणि नियतीचा खेळ असा, की तेव्हा रसायनशास्त्राच्या नोबेल समितीचे अध्यक्ष होते तेच क्लेव्ह, आणि त्यांनी त्याची बाजू घेतली. गुरूनं आपलं जुनं मत मोडीत काढण्यात जो मोठेपणा लागतो, तो क्लेव्ह यांच्याकडे होता. १९०५ साली त्याच्यासाठी नोबेल संस्थेत भौतिक रसायनाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. त्याच वर्षी त्यानं मारिया योहान्सनशी दुसरं लग्न केलं आणि तो संसार सुखाचा झाला.

पण चरित्र लिहायचं तर जमेबरोबर नावेची बाजूही लिहावी लागते. ज्याला स्वतःला दाराबाहेर उभं राहावं लागलं, तो पुढे दारावर बसल्यावर उदार राहिला नाही. आवर्तसारणी देणाऱ्या मेंडेलीवला १९०६ साली नोबेल मिळू नये यासाठी त्यानं आपलं वजन खर्च केलं. मेंडेलीव पुढच्याच वर्षी वारला. पारितोषिक राहूनच गेलं. वाल्थेर नेर्न्स्टशी बिनसल्यावर त्याचंही पारितोषिक अनेक वर्षं अडलं. स्वीडनमधल्या वंशशुद्धीवाल्या संस्थेत तो सामील झाला होता, ही नोंद तर अधिकच खटकते. चौथ्या श्रेणीचा शिक्का कपाळी घेऊन फिरलेल्या माणसाला माणसांच्या श्रेणी लावण्याचा मोह व्हावा, याचं वाईट वाटतं.

त्याच्या सिद्धान्तातही एक भेग होती. ऑस्टवाल्डचा नियम सौम्य आम्लांना चपखल बसे. पण मीठ किंवा मिठाचं आम्ल आलं की आकडा ठरेना. ही भेग बुजवण्याचा एक धाडसी प्रयत्न १९१८ साली कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष या तरुण बंगाली रसायनशास्त्रज्ञानं केला. तीव्र पदार्थ पाण्यात पूर्णच सुटतात, फक्त त्यांचे आयन विजेच्या ओढीनं एकमेकांना रोखून धरतात, असं त्यानं मांडलं. त्याचं गणित टिकलं नाही, पण विचाराची वाट बरोबर होती. १९२३ मध्ये डेबाय आणि ह्यूकेल यांनी ती पक्की केली. अऱ्हेनिअस ते बदल मनापासून स्वीकारायला तयार नव्हता.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये तो वारला. त्याला दफन केलं ते उप्सालामध्ये, ज्या गावानं त्याला चौथ्या श्रेणीत बसवलं त्याच गावात. त्याच्या सिद्धान्तातला तीव्र आम्लांचा भाग दुरुस्त झाला. सौम्य आम्लांचा भाग मात्र आजही तसाच चालतो. जे थोडं थोडं सुटतं, हातचं राखून देतं आणि मागितलं की पुन्हा देतं, त्याचा हिशेब त्यानं अचूक लावला होता. व्हिनेगर, कैरी, चिंच, दही आणि आपलं रक्त ही सगळी त्याच खातेवहीत येतात.